दया कुणावर, सोय कुणाची?

ऑगस्ट २०२५ मध्ये नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. पाण्याचा टँकर नाही, बंद पडलेली लिफ्ट नाही, नुसते कुत्रे. ११ तारखेला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला होता की दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम आणि फरीदाबादमधले सगळे भटके कुत्रे उचला, शेल्टरमध्ये ठेवा आणि परत रस्त्यावर सोडू नका. निम्म्या लोकांनी टाळ्या पाठवल्या, निम्म्यांनी रडके चेहरे. मग एका काकांनी लिहिलं, ‘शेल्टरमध्ये जागा नसेल तर सरळ इंजेक्शन द्यावं. परदेशात तसंच करतात.’ त्या मेसेजला भरभरून अंगठे मिळाले.

मी काही उत्तर दिलं नाही. ग्रुपवर वाद घालून कुणाचं मत बदललेलं मी अजून पाहिलं नाही. पण ते ‘सरळ’ डोक्यात राहिलं, कारण इंजेक्शन देताना मी पाहिलं आहे.

मी मूळची नाशिकची. बी.ए. इंग्रजी केलं आणि कंटेंट रायटिंगची नोकरी मिळाली म्हणून इकडे आले. कुत्र्यांच्या खाण्याच्या एका ब्रँडसाठी ‘शेल्टरमधले पाच गोड चेहरे’ असा लेख लिहायचा होता, त्या निमित्ताने पहिल्यांदा एका शेल्टरमध्ये गेले. लेख दोन तासांत झाला. नंतर मात्र बहुतेक रविवारी जायला लागले. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “घरी मांजर पाळू दिलं नाही म्हणून सूड घेतेस का?” तसंही असेल.

शेल्टर म्हटलं की हिरवळीवर बागडणारे कुत्रे डोळ्यांपुढे येतात. आमच्या इथे पत्र्याचं छत आहे, खाली फरशी, फिनेलचा वास आणि सतत भुंकणं. साठ कुत्र्यांची सोय आहे आणि मी कधीही गेले तरी शंभराच्या वर असतात. एका कोपऱ्यात गाडीखाली येऊन कणा मोडलेले. त्यांचे मागचे पाय लुळे पडलेले असतात, लघवी आपोआप होत नाही, दिवसातून तीन-चार वेळा पोट दाबून करवावी लागते. एक वेळ चुकली तर संसर्ग. घासत चालल्याने जखमा होतात, पावसाळ्यात त्या जखमांत अळ्या पडतात. हे सगळं करायला दोन मुलगे आणि एक डॉक्टर मॅडम. मला तिथे कळलं की प्राण्यावर प्रेम असणं आणि त्याची लघवी काढणं यात फार अंतर आहे. पहिलं करणारे खूप असतात.

मागच्या हिवाळ्यात तिथे एक पिवळा कुत्रा आला होता. त्याला रोज खाऊ घालणाऱ्या आंटी त्याला रिक्षात घालून घेऊन आल्या. त्याला डिस्टेंपर झाला होता. हा विषाणूचा आजार आहे, लस दिलेल्या कुत्र्याला सहसा होत नाही, आणि एकदा मेंदूपर्यंत पोचला की त्यावर औषध नाही. फक्त झटके कमी करायची औषधं देतात. त्याचा जबडा काहीतरी चघळत असल्यासारखा सारखा हलायचा. मग मान वळायची, पाय ताठ व्हायचे आणि तो फरशीवर आपटायचा. शुद्धीवर आला की शेपटी हलवायचा. तेच बघवत नव्हतं.

मॅडमनी दोन आठवडे प्रयत्न केले. मग आंटींना बोलावून सांगितलं की आता याला शांत करू या. आंटी भडकल्या. “जीव घ्यायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? तुम्ही देव आहात का?” असं हिंदीत बरंच काही बोलल्या. पाप-पुण्य झालं, मागच्या जन्माचं झालं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “आंटीजी, आज रात्री तुम्ही इथेच थांबा.”

मला वाटलं, त्या रागाने निघून जातील. त्या खरोखर थांबल्या. घरून शाल आणि थर्मास मागवला आणि पिंजऱ्याजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या. सकाळी मी पोचले तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. रात्रीत अकरा वेळा झटके आले, त्या मोजत होत्या. मॅडम आल्यावर त्या म्हणाल्या, “कर दो.” मग कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

आधी गुंगीचं औषध दिलं. तो सैल पडला, जबडा कितीतरी दिवसांनी थांबला. मग पायाच्या शिरेतून दुसरं औषध. मिनिटभरही लागलं नसेल. डोळे उघडेच राहतात, हे मला माहीत नव्हतं. मॅडमनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, मग रजिस्टर उघडून लिहिलं.

हे सांगायचं कारण, प्राण्याला इंजेक्शन देणं म्हणजे प्रत्येक वेळी क्रौर्यच, असं मला वाटत नाही. आपला कायदाही तसं म्हणत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे आणि त्यात वाचण्याची आशा नसलेल्या, यातना भोगणाऱ्या प्राण्याचा शेवट करण्याची तरतूद आहे. २०२३ चे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम म्हणतात की बरा न होणारा आजार किंवा जीवघेणी जखम असेल तरच, ठरलेल्या लोकांनी तपासून, पशुवैद्याच्या हातून आणि वेदना न होता हे करावं. दुसऱ्या कुत्र्यासमोर करू नये, असंही त्यात आहे. सरकारी नियमात असं वाक्य असेल असं मला वाटलं नव्हतं. त्याच नियमांतली एक गोष्ट मात्र मला पटत नाही. रेबीजचा संशय असलेल्या कुत्र्याला वेगळं ठेवून तो आपोआप मरेपर्यंत वाट पाहायची असते, साधारण दहा दिवस. रेबीजने मरणाऱ्या कुत्र्याइतकं हाल कुणाचे होत नसतील आणि सुटका मात्र त्यालाच नाही.

आता दुसरी गोष्ट. मार्चमध्ये एक चौकोनी कुटुंब गाडीतून आलं. सोबत अकरा वर्षांचा लॅब्राडोर, थोडा लंगडणारा, बाकी ठणठणीत. ते लोक कॅनडाला निघाले होते. “म्हातारा झालाय, कुणी घेत नाही. इथे टाकला तर झुरून मरेल. त्यापेक्षा त्याला शांतपणे झोपवा, आम्ही पैसे देतो,” असं ते गृहस्थ म्हणाले. बोलणं अगदी सभ्य होतं. त्यांची मुलगी कानात इअरफोन घालून मागच्या सीटवर बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती.

मॅडमनी नाही म्हटलं. तेव्हा त्या गृहस्थांनी विचारलं, “तुम्ही देताच की इंजेक्शन. मग याला का नाही?”

प्रश्न चुकीचा नव्हता. औषध तेच, सुई तीच, कुत्र्याला दुखणारही तितकंच कमी. फरक कारणात होता. पिवळ्या कुत्र्याला जगातली सगळी जागा आणि सगळा पैसा दिला असता तरी त्याचा जबडा थांबला नसता. लॅब्राडोरला एक गादी, दोन वेळचं जेवण आणि सांधेदुखीची गोळी पुरेशी होती. ती द्यायला कुणी नव्हतं, इतकंच. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी मनात हा एकच प्रश्न विचारते: जागा असती, पैसा असता, तरीही हे केलं असतं का? उत्तर हो असेल तर ते दयामरण. नाही असेल तर ती आपली सोय आहे, आणि तिला दयामरण म्हणू नये.

‘इच्छामरण’ हा शब्द प्राण्यांसाठी वापरताच येत नाही, कारण इच्छा विचारायची सोय नाही. माणसांच्या बाबतीतही तो किती अवघड आहे, हे आपल्याला अरुणा शानबागांमुळे माहीत आहे. १९७३ पासून केईएम रुग्णालयात त्या बेशुद्धीसारख्या अवस्थेत होत्या. त्यांचा अन्नपुरवठा थांबवावा या मागणीची याचिका सुप्रीम कोर्टात गेली आणि मार्च २०११ मध्ये कोर्टाने ती फेटाळली. त्याच निकालाने काही परिस्थितीत उपचार थांबवायला वाट करून दिली, पण अरुणांच्या बाबतीत कोर्टाने वजन दिलं ते इतकी वर्षं त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या लोकांच्या म्हणण्याला. २०१५ मध्ये त्या गेल्या. मला त्या निकालातली ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्याने रात्र काढली आहे त्याला आधी विचारा. आमच्या शेल्टरमध्येही निर्णय मॅडमचा असतो, पण त्या आधी पिंजरे साफ करणाऱ्या मुलाला विचारतात, “खातोय का? रात्री झोपला का?”

काकांच्या ‘परदेशात तसंच करतात’कडे येते. हो, करतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात शेल्टरमध्ये वर्षाला एक कोटीच्या वर कुत्री-मांजरं मारली जात, असे अंदाज आहेत. बहुतेकांचा गुन्हा इतकाच की काही दिवसांत कुणी घरी नेलं नाही. आज तो आकडा लाखांत आला आहे, पण शून्य नाही. तो कमी झाला तो नसबंदीमुळे आणि शेल्टरमधून प्राणी घरी नेण्याच्या चळवळीमुळे. म्हणजे ते लोक ज्यातून बाहेर पडायची धडपड करताहेत, ते काका आपल्याकडे सुरू करायला सांगत होते. तिकडे ‘नो-किल’ नावाची शेल्टर आहेत. आलेल्या शंभरातले नव्वद प्राणी वाचवले तर ते नाव लावता येतं. ऐकायला छान वाटतं, पण त्यातली काही शेल्टर जागा भरली की दारच बंद करतात आणि नाकारलेला प्राणी पुढच्या, मारणाऱ्या शेल्टरमध्ये जातो. हात स्वच्छ राहतात, एवढंच.

आणि मारून पाहण्याचा प्रयोग आपणही केला आहे, चांगला दीडशे वर्षं. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने भटके कुत्रे मारायला माणसं लावली, दर कुत्र्यामागे पैसे ठरवले. बक्षिसाच्या लोभाने लोक घरातलेही कुत्रे ओढून नेऊ लागले. पारशांमध्ये कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे, ते चिडले, जूनमध्ये दंगल झाली, दुकानं बंद पडली. त्यातूनच दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचा पांजरपोळ सुरू केला. सी. पी. टँकजवळच्या त्या पांजरपोळावरून आपल्यापैकी कितीतरी जण गेले असतील. तिथे आता गाई दिसतात, पण त्याचा जन्म कुत्र्यांमुळे झाला. तरी मारणं थांबलं नाही. मुंबई महापालिका १९९४ पर्यंत कुत्रे पकडून विजेच्या धक्क्याने मारत होती, आणि दरवर्षी पुन्हा तेवढेच कुत्रे रस्त्यावर असायचे. कचरा तिथेच असतो, त्यामुळे एक कुत्रा गेला की शेजारच्या गल्लीतला येतो, आणि उरलेल्यांना पिल्लं होतच असतात. मग नसबंदी आली.

गांधीजींचं नाव मात्र या वादात दोन्ही बाजू घेतात आणि दोघांनाही ते अर्धंच माहीत असतं. १९२६ मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातले साठ भटके कुत्रे मारवले, तेव्हा गावात गहजब झाला आणि गांधीजींनी साराभाईंची बाजू घेतली. ‘यंग इंडिया’त त्यांनी यावर लेखमाला लिहिली, शिव्याशापांची पत्रं आली. दोन वर्षांनी साबरमती आश्रमातलं एक वासरू असह्य वेदनेत तडफडत होतं, तेव्हा त्यांनी डॉक्टरकडून इंजेक्शन देववून त्याला मुक्त केलं. पुन्हा गहजब. वासराच्या बाबतीत मी डोळे मिटून त्यांच्या बाजूने आहे. साठ कुत्र्यांच्या बाबतीत नाही. तेव्हा नसबंदीचा पर्याय त्यांच्यासमोर नव्हता, आपल्यासमोर आहे. पण त्यांचा एक मुद्दा टोचतो. मालक नसलेला कुत्रा रस्त्यावर असणं हीच समाजाची लाज आहे, आणि रस्त्यावर पोळी फेकून पुण्य कमावणारा ती लाज वाढवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे आमच्या आंटींना सांगायची माझी हिंमत नाही.

आता कोर्टाकडे. ते प्रकरण सुरू झालं एका बातमीवरून. दिल्लीत सहा वर्षांची मुलगी कुत्रा चावून रेबीजने गेली होती. २८ जुलैला कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. शेल्टरमध्ये जाणाऱ्या माझ्यासारख्यांना हे वाक्य घाईत ओलांडून पुढे जायची सवय असते, म्हणून मी ते इथे थांबून लिहिते. सहा वर्षांची मुलगी. रेबीजची लक्षणं दिसू लागली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. माझी आत्या दिलशाद गार्डनला राहते. तिचा नातू दोन गल्ल्यांवरच्या शिकवणीला जाताना खिशात दगड घेऊन जातो. त्याला मी करुणेवर भाषण देऊ शकत नाही.

११ ऑगस्टच्या आदेशात मारा असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. पण हिशेब बघा. दिल्लीतले भटके कुत्रे आठ ते दहा लाख, असं तेव्हा सगळीकडे छापून येत होतं. कोर्टाने सुरुवातीला पाच हजारांची सोय करायला सांगितली, सहा ते आठ आठवड्यांत. महापालिकेकडे होती ती वीसेक नसबंदी केंद्रं, जिथे कुत्रा काही दिवस ठेवून परत सोडतात. आमच्या साठ जागांच्या शेल्टरमध्ये शंभर कुत्रे भरल्यावर पार्व्होची साथ आली की एका आठवड्यात पिल्लांची रांगच्या रांग रिकामी होते, हे मी पाहिलं आहे. लाखो कुत्रे तसे कोंबले असते तर इंजेक्शनची गरजही पडली नसती. ते आपसात चावून, आजाराने, भुकेने मेले असते आणि कुणीही मारलं नाही असं आपण म्हणू शकलो असतो. काकांची सूचना निदान प्रामाणिक होती, असं मला त्या दिवसांत वाटून गेलं.

२२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या पीठाने आदेश बदलला. नसबंदी करा, जंतांचं औषध द्या, लस टोचा आणि जिथून उचललं तिथेच सोडा. रेबीज झालेले, तसा संशय असलेले आणि आक्रमक कुत्रे तेवढे सोडू नका. खाऊ घालायच्या जागा ठरवा. मग ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन, क्रीडा संकुलं इथले कुत्रे हलवायला सांगितलं, आणि हे परत तिथे सोडायचे नाहीत. म्हणजे शेल्टर लागणारच आहेत, आणि पत्र्याच्या छताखालचा तो प्रश्न आता बऱ्याच शहरांत विचारला जाणार आहे. आक्रमक म्हणजे कोण, हे कोण ठरवणार? पकडणाऱ्याला चावलेला प्रत्येक कुत्रा आक्रमक? फासात मान अडकली तर मीही चावेन.

दुसरी वाट आहे, आणि आपल्या शेजारीच आहे. गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने वर्षानुवर्षं गावोगाव फिरून, जाळ्यांनी कुत्रे पकडून लस टोचली, शाळांत मुलांना कुत्र्यापासून कसं वागायचं ते शिकवलं. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. कुत्रे तिथे अजूनही आहेत, किनाऱ्यावर लोळलेले असतात. साधारण सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. काम कंटाळवाणं आहे, दरवर्षी करावं लागतं आणि त्याचं उद्घाटन करता येत नाही. म्हणून होत नसावं.

तुमच्या घरात मुलं कुत्रा मागत असतील, किंवा वाढदिवसाला एखाद्या शेल्टरला पैसे द्यायचा विचार असेल, तर एक करा. तिथे गेल्यावर गोड पिल्लं बघून झाली की रजिस्टर मागा. कोणत्या कुत्र्याला इंजेक्शन दिलं, कधी, कुणी तपासलं आणि कारण काय. चांगलं शेल्टर ते दाखवतं. ‘आम्ही कधीच देत नाही’ असं अभिमानाने सांगितलं तर मागच्या खोलीत कोण पडलंय तेही बघून या.

आमच्या मॅडमच्या रजिस्टरमध्ये कारणाचा रकाना मोठा आहे, त्या स्वतःच्या हाताने पूर्ण वाक्यात लिहितात. पिवळ्या कुत्र्यापुढे साडेतीन ओळी आहेत. लॅब्राडोरचं नाव वेगळ्या वहीत आहे, दत्तक द्यायच्यांच्या. पहिले नऊ दिवस त्याने काही खाल्लं नाही, गेटकडे तोंड करून बसायचा. आता ऑफिसच्या टेबलाखाली झोपतो आणि येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीचा आवाज आला की उठतो. घ्यायला अजून कुणी आलेलं नाही. माझ्या घरमालकांना मी दोनदा विचारलं आहे, दिवाळीनंतर परत विचारणार आहे.